सहाशेतले आठ किलोमीटर: हायवेवरच्या पिकअपला एटी टायर निवडताना

पुण्याहून राजापूर तालुक्यातल्या आमच्या बागेपर्यंत जवळपास तीनशे किलोमीटर पडतात. कराड, मलकापूर, अणुस्कुरा घाट, ओणी आणि शेवटी चार किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता. जाऊन-येऊन सहाशे, त्यातले कच्चे आठ. साडेतीन वर्षांपूर्वी पिकअपचे मूळ टायर घासले तेव्हा मी टायरच्या दुकानात उभा होतो आणि डोक्यात फक्त ते आठ किलोमीटर होते.

काउंटरवरच्या माणसाने ते चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. त्याने आतून एक टायर लोळवत आणला. उंच ठोकळे, खोल खाचा, वर उठावदार पांढरी अक्षरं. "साहेब, हा टाका. गाडी भरल्यासारखी दिसेल."

दिसली. सोसायटीतल्या पोरांनी फोटो काढले. त्यानंतर मात्र दर खेपेला उरलेल्या पाचशे ब्याण्णव किलोमीटरमध्ये मी त्या फोटोंची किंमत मोजत होतो. यंदा दुसरा सेट घेतला, तो जरा शहाणपणाने. त्या दोन खरेद्यांच्या मधे जे कळलं ते इथे मांडतो.

आधी अक्षरांचा घोळ. एचटी म्हणजे हायवे टेरेन: पक्क्या रस्त्याचा टायर. एमटी म्हणजे मड टेरेन: चिखल-दगडांचा. या दोघांच्या मधला तो एटी, ऑल टेरेन. ही कल्पना बाजारात रुजवली ती अमेरिकेतल्या बीएफगुडरिचने, १९७६ मध्ये. पण 'एटी' या अक्षरांची कायद्यात कुठेही व्याख्या नाही. कोणत्या टायरला एटी म्हणायचं ते कंपनी ठरवते. त्यामुळे एका दुकानात एटी नावाने जवळजवळ एचटीसारखा शांत टायर मिळतो आणि शेजारच्या दुकानात एटी नावानेच अर्धा एमटी मिळतो. योकोहामाचा जिओलँडार, अपोलोचा ॲप्टेरा, एमआरएफचा वाँडरर, जेकेचा रेंजर ही नावंही कुटुंबांची आहेत. एकेका कुटुंबात दोन-तीन स्वभावांचे टायर असतात. म्हणून "एटी घेऊ का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठला एटी, हे विचारायला हवं.

ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. टायर उभा करा आणि बोट त्याच्या मधोमध ठेवून घेराच्या दिशेने वीतभर फिरवा. बोट सलग रबरावरून सरकत गेलं, फार तर अधूनमधून बारीक चीर लागली, तर तो टायर रस्त्याकडे झुकलेला आहे. बोट दर दोन-तीन सेंटीमीटरला खड्ड्यात पडत असेल तर तो चिखलाकडे झुकलेला. मधली सलग पट्टी सरळ रस्त्यावर गाडीला रेघेत ठेवते, स्टीअरिंगला लगेच जबाब देते आणि आवाज कमी करते. ही पट्टी तोडून सुटे ठोकळे केले की मोकळ्या दगडा-मातीत पकड वाढते. पण हायवेवर तेच ठोकळे दर फेरीला वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात.

आवाजाचं गणितही तिथेच आहे. माझ्या गाडीच्या मूळ टायरचा घेर सुमारे २.४४ मीटर. ताशी १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे टायर सेकंदाला साडेअकरा वेळा फिरतो. घेरावर एका ओळीत साठ ठोकळे असतील तर रस्त्यावर सेकंदाला सातशेच्या आसपास थपडा बसतात. सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर हार्मोनियमची एक पट्टी तासन् तास दाबून धरल्यासारखा सूर आला असता. म्हणून टायर बनवणारे ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे आवाज एका सुरात न येता पसरतो. नवा टायर म्हणूनच शांत वाटतो. खरा आवाज येतो आठ-दहा हजार किलोमीटरनंतर, ठोकळे एका कडेने जास्त घासायला लागले की. माझ्या पहिल्या सेटवर कराडपर्यंत गाणी ऐकू यायची. दुसऱ्या वर्षी गाणी बंद झाली, आणि शेजारी बसलेल्या बायकोने बोलणंही.

आवाजाची सवय होते हो. पावसाची होत नाही.

कोकणात जाणाऱ्याने टायर चिखलासाठी निवडावा असं सगळे सांगतात. माझं मत उलटं आहे. वर्षातले चार महिने तुमचा टायर ओल्या डांबरावर असतो, घाटात असतो, समोर एसटी अचानक थांबते. तिथे टायर काय करतो हेच पहिलं बघायचं. टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण पावलाएवढा असतो. शंभरच्या वेगात रबराचा एक ठिपका त्या पावलाएवढ्या जागेतून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत निघून जातो. तेवढ्या वेळात त्याला खालचं पाणी बाजूला सारून डांबर पकडायचं असतं.

इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. साचलेलं पाणी बाहेर फेकायला रुंद, खोल खाचा लागतात. ते काम नवा एटी टायर चांगलं करतो. पण बहुतेक वेळा रस्त्यावर तळं नसतं, पाण्याचा पातळ थर असतो. त्यावर ब्रेक लागतो तो रबर किती मऊ आहे आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा किती आहेत यावर. ब्लेडने काप घेतल्यासारख्या या चिरांच्या कडा पाण्याचा पातळ थर फोडतात. आता एटीचं रबर खडीने कापलं जाऊ नये म्हणून चिवट, टणक ठेवलेलं असतं. ओल्या डांबराला चिकटायला रबर मऊ हवं. दोन्ही गुण एका रबरात पुरेपूर येत नाहीत, कुठेतरी तडजोड होते. पांढऱ्या अक्षरांच्या माझ्या टायरवर चिरा अगदीच कमी होत्या. जुलैमध्ये मलकापूरच्या अलीकडे रिकामी गाडी ब्रेकवर पुढे घसरत गेली आणि समोरच्या टेम्पोच्या फळकुटापासून हातभर अंतरावर थांबली, तेव्हा हे सगळं मला न वाचता समजलं.

तेव्हा दुकानात टायर जवळून बघा. प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा आहेत का, त्या मधल्या पट्टीवरही आहेत का आणि किती खोल जातात. काही टायरवर त्या वरच्यावर असतात, अर्धा टायर घासला की नाहीशा. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि टायर फिरवायला लागणारा जोर या तिन्हींसाठी आपल्याकडे सरकारी मानक आहे. पण ती किमान मर्यादा झाली, त्यावरून कोण सरस ते कळत नाही. मी एक आडवाट वापरली. युरोपात मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. तुम्ही बघताय त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर तिकडे विकला जात असेल तर ती श्रेणी इंटरनेटवर सापडते. इथे बनणाऱ्या टायरचं रबर वेगळं असू शकतं, म्हणून ती काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण अंदाज येतो.

टायरवर कधीकधी तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचा तारा असं चिन्ह असतं. ते बर्फातल्या चाचणीचं आहे. स्पितीला जाणार असाल तर बघा, नाहीतर त्यासाठी पैसे मोजू नका.

आता माप. माझ्या सगळ्यात महागड्या चुका इथल्याच.

मूळ टायरवर लिहिलं होतं: २६५/६५ आर १७, ११२ एस. म्हणजे टायर २६५ मिलीमीटर रुंद. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, १७२ मिलीमीटर. रिम १७ इंची. ११२ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर १,१२० किलो पेलतो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालेल. दुकानदाराने घातला २६५/७० आर १७. "एक साइज वर, काही फरक पडत नाही."

फरक असा पडला. मूळ टायरचा व्यास ७७६ मिलीमीटर, नव्याचा ८०३. टायर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोठा. गाडी त्यामुळे किती उंच झाली? त्याच्या निम्मी, १३ मिलीमीटर. बोटाच्या रुंदीएवढी. त्या बोटभर उंचीसाठी अणुस्कुऱ्याच्या प्रत्येक वळणावर पूर्ण स्टीअरिंग कापलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासून खर्र वाजायचा.

शिवाय मीटरचा घोळ. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, पण मीटर बिचारं जुन्याच हिशोबाने मोजतं. काटा १०० दाखवतो तेव्हा चाक आधीपेक्षा साडेतीन किलोमीटरने जास्त पळत असतं. कंपन्या मुळात काटा थोडा पुढे ठेवतात म्हणून चलान टळतं, एवढंच. ॲव्हरेजचा हिशोबही फसतो. माझी गाडी साडेबारा द्यायची, नव्या टायरवर ११.४ यायला लागली. मी डोक्याला हात लावला. नंतर लक्षात आलं की मीटर किलोमीटरच कमी मोजतंय. दुरुस्ती केल्यावर आकडा ११.८ आला. म्हणजे १.१ ची घट दिसत होती, त्यातली खरी ०.७. "एटी टाकल्यापासून ॲव्हरेज पार गेलं" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, माप तेच ठेवलंय का?

तरी ०.७ गेलंच. त्यात ठोकळ्यांचा वाटा आहे, आणि वजनाचाही. कारण तो टायर एलटी होता.

एलटी म्हणजे लाइट ट्रक. मापाच्या आधी ही अक्षरं असतात आणि पुढे कुठेतरी लोड रेंज सी, डी किंवा ई. जुन्या भाषेत सहा, आठ आणि दहा प्लाय. आता आत खरोखर तेवढे थर नसतात, ती ताकदीची खूण उरली आहे. ई रेंजचा टायर ८० पीएसआय हवेपर्यंत बनवलेला असतो, साइडवॉल जाड असते आणि एकेक टायर साध्यापेक्षा चार-पाच किलोने सहज जड भरतो. दगडांच्या खाणीत रोज जाणाऱ्या गाडीला तो हवाच. मला का? भरलेल्या पिकअपचं सगळं वजन तीन टनांच्या आसपास. साधे ११२ चे चार टायर मिळून साडेचार टनांच्या जवळ पेलतात.

आणि एक मेख आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. एलटी टायर तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा मागतो. फिटिंग करणाऱ्या मुलाने दारातल्या स्टिकरवर ३३ बघितलं आणि ३३ भरली. स्टिकर मूळ टायरसाठी होता. ३३ वर तो जाड टायर दबून चालत राहिला, वर्षभरात दोन्ही कडा घासल्या आणि मधली नक्षी नव्यासारखी राहिली. नंतर हवा वाढवली तर रिकामी गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर बाकडं आपटल्यासारखी आपटायला लागली. एलटी घ्यायचाच असेल तर त्या मापाचा वजन-हवेचा तक्ता कंपनीकडून मागून घ्या.

म्हणून हायवेच्या गाडीला माझा सल्ला असा: मूळ माप ठेवा, साधा टायर घ्या, वजनाचा आकडा मूळपेक्षा कमी नको, वेगाचं अक्षरही खाली नको. मॅन्युअलमध्ये नसलेलं माप घालणं म्हणजे अपघातानंतर इन्शुरन्सवाल्याच्या हातात आयतं कोलीत.

मग कच्च्या रस्त्याचं काय? तोही बघू, पण आपली माती बघून. परभणीकडच्या माझ्या मित्राने शेतासाठी एटी टाकले आणि पहिल्याच श्रावणात ट्रॅक्टर बोलावला. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि दोन फेऱ्यांत खाचा लिंपून टाकते. लिंपलेला टायर एचटी होता की एटी, याला अर्थ उरत नाही. तिथे एमटीसुद्धा माती झटकून टाकेल याची खात्री नाही. मुरूम आणि खडीवर मात्र एटीचा उपयोग दिसतो. बेसॉल्टची ताजी फोडलेली खडी सुरीसारखी असते, एचटीच्या मऊ कडा तिच्यावर टवके सोडतात. आमच्या जांभ्यावर उन्हाळ्यात कुठलाही टायर चालतो. पावसात शेवाळलेल्या चढावर मागचं चाक गरगरतं, कारण रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं. टू व्हील ड्राइव्ह असेल तर हौद्यात दोन पोती वाळू, नीट बांधून, हा टायर बदलण्याआधीचा स्वस्त उपाय.

खरं सांगायचं तर पिकअप घेतलेल्या निम्म्या लोकांना चांगला एचटी पुरतो. तुमचा कच्चा रस्ता म्हणजे फार्महाउसच्या गेटपासून पोर्चपर्यंतचा असेल तर एटीच्या खर्चात दोन वर्षांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग निघेल. महिन्यातून दोन-तीनदा खडी, मुरूम, धरणाच्या बाजूचा रस्ता, पंक्चरचा त्रास असेल तर सौम्य एटी. रोज खाणीवर किंवा साइटवर जात असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

विकत घेताना साइडवॉलवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. एटी टायर कमी खपतात, गोदामात पडून राहतात. दोन वर्षांपूर्वीचा टायर सवलतीत गळ्यात मारला जातो. फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच घासलेले हवेत, नाहीतर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जात असताना, पुढचा-मागचा गिअर एकमेकांशी भांडतो. दोनच बदलणार असाल तर नवे मागे टाका. पुढचा टायर घसरला तर स्टीअरिंगवर निदान जाणवतं, मागचा सुटला तर गाडीच फिरते. स्टेपनीचं माप विसरू नका. मी विसरलो होतो.

हवेबद्दल एवढंच की ती थंड टायरवर मोजायची, सकाळी, गाडी निघायच्या आधी. हायवेवर तासभर पळाल्यावर चार-पाच पीएसआय वाढलेली दिसते, ती काढू नका. कमी हवेचा टायर सेकंदाला अकरा-बारा वेळा दबतो आणि सुटतो, प्रत्येक वेळी आत उष्णता साठते. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर, मे महिन्यात, एकाच वेगाने तासन् तास हे चालू राहिलं की टायर फुटण्याची वेळ येते. आमच्याकडे उलटाही प्रकार होतो. आंब्याच्या पेट्या भरताना मागे हवा वाढवतो, वाशीला माल उतरवून रिकामे परत येताना ती तशीच राहते. मग मागचा टायर मधोमध घासतो आणि ओल्या वळणावर उड्या मारतो.

कायद्याने खाचेची खोली १.६ मिलीमीटरला टायर संपतो. खाचेच्या तळाशी तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलीमीटर उरले असतील तर मी वाट बघत नाही.

या खेपेला घेतला तो २६५/६५ आर १७ चाच आहे, साधा, मधली पट्टी जवळजवळ सलग, चिरा खोल. पांढरी अक्षरं आहेत, पण ती बाजू मी आत करून बसवली. काउंटरवरचा माणूस हळहळला. गाडी पुन्हा १२.१ देते आणि गाणी सुरू झाली आहेत. दर आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे फिरवतो. एटीचे ठोकळे एकाच कडेने झिजत जातात, ते असंच थोपवता येतं.

एक नवीन काम मात्र वाढलं. कच्च्या रस्त्यावरून आलं की खाचांत खडे अडकतात. हायवेवर काही सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातात. जे सुटत नाहीत ते रोज थोडे आत घुसत राहतात आणि एक दिवस तारेच्या पट्ट्यापर्यंत पोचतात. मग पाणी आत जातं, तार गंजते. म्हणून बागेतून निघालो की ओणीच्या टपरीवर चहा उकळेपर्यंत मी जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन चाकापाशी उकिडवा बसतो. परवा डाव्या मागच्या टायरमधून निघालेला जांभ्याचा खडा सुपारीएवढा होता.